मॅडम नोट्स का देत नाहीत? इंग्रजीच्या शिक्षिकेचं पालकांना खुलं पत्र

प्रति,
आठवी, नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांचे सर्व पालक

सप्रेम नमस्कार.

गेल्या पालकसभेत इंग्रजीचा विषय निघाला आणि बराच वेळ मिटला नाही. मॅडम नोट्स देत नाहीत, वहीतल्या चुका अर्धवट तपासतात, तोंडी परीक्षेत हात आखडता घेतात, असं बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं. एक काका म्हणाले, "क्लासला पैसे भरले तर तिथले सर निबंध छापून देतात. मग शाळेत पोरगं करतं काय?" मला बोलायचं होतं, पण पुढे मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय होता आणि तो इंग्रजीपेक्षा तातडीचा होता. म्हणून हे लिहून देते आहे.

तक्रारी खोट्या नाहीत. नोट्स मी देत नाही आणि यंदाही देणार नाही. पण माझी मुलांकडून काय अपेक्षा आहे हे तुम्हाला वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट कळलं पाहिजे. नाहीतर घरी तुम्ही एक सांगणार, शाळेत मी दुसरं सांगणार आणि मधल्या मध्ये पोर बावचळणार.

सभेतल्या जवळजवळ प्रत्येकाचं एक म्हणणं सारखं होतं: पोरगं फाडफाड इंग्रजी बोललं पाहिजे. माझीही तीच इच्छा आहे. फक्त त्यासाठी तुम्ही जे मागता, म्हणजे निबंध लिहून द्या, पत्रं लिहून द्या, उत्तरं फळ्यावर लिहा, पोरं पाठ करतील, त्यातून बोलणं येत नाही. माझी अपेक्षा त्यापेक्षा लहान आहे आणि मुलांना ती जड जाते. रोज प्रत्येकाने स्वतःचं एक तरी इंग्रजी वाक्य तयार करायचं. चुकलं तरी चालेल. गाईडमधलं नको, ताईच्या जुन्या वहीतलं नको, मोबाइलमधलं नको.

याचा अर्थ काय, ते एका उदाहरणाने सांगते. नववीच्या चाचणीत मी शेतकऱ्यावर आठ ओळी लिहायला सांगितल्या. निम्म्याहून जास्त वर्गाची पहिली ओळ एकच होती: 'फार्मर इज द बॅकबोन ऑफ अवर कंट्री.' दुसरी ओळही एकच. स्पेलिंग चोख, पूर्णविराम जागच्या जागी. एका बाकावर 'बॅकबोन'मधलं एक अक्षर गळलं होतं, ते मागच्या दोन बाकांवरही गळलेलं होतं. या साऱ्या मुलांचे वडील शेतकरी आहेत, किंवा दुसऱ्याच्या शेतात राबतात. एकाही वहीत त्यांचा बाप नव्हता.

एका मुलाने मात्र वेगळं लिहिलं. त्याला विचारून, नाव न घेता, त्याची वाक्यं देवनागरीत उतरवते: 'इन जुलै माय फादर ओपन द चाळ. बॅड स्मेल कम. ऑल ओनियन वॉटर वॉटर. ही सिट डाउन. ही नॉट टेल माय मदर.'

आपल्या बागलाणात, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या या कांद्याच्या पट्ट्यात, राहणाऱ्या कुणालाही यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. उन्हाळ कांदा भाव येईल म्हणून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, भरून ठेवायचा, आणि पावसाची ओल लागली की चाळ उघडताना वास आधी येतो. त्या मुलाने ते पाच वाक्यांत आणलं. मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण दिले आणि 'बॅकबोन'वाल्यांना दोन. त्यावर एक पालक शाळेत आले. त्यांचा प्रश्न सरळ होता: माझ्या मुलीची एकही चूक नाही, तिला दोन, त्याच्या प्रत्येक ओळीत चूक, त्याला साडेतीन?

मी त्यांना दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवल्या. कांद्याच्या वहीत ओपन्ड हवं होतं, केम हवं होतं, सॅट हवं होतं, डिड नॉट टेल हवं होतं. ही चार वाक्यं चुकली, पण चूक एकच आहे: झालेली गोष्ट सांगताना क्रियापद भूतकाळात न्यायचं हे त्याला अजून जमत नाही. त्याला काय शिकवायचं ते मला त्या वहीवरून कळलं आणि आम्ही तेवढंच एक आठवडाभर घोटलं. 'वॉटर वॉटर' मी तसंच ठेवलं. इंग्रजीत असं म्हणत नाहीत हे त्याला सांगितलं आणि काय म्हणतात तेही सांगितलं, पण गुण कापले नाहीत. त्या मुलीच्या वहीवरून मला काय कळलं? तिचं पाठांतर चांगलं आहे, एवढंच. तिला भूतकाळ येतो की नाही, 'बॅकबोन' म्हणजे काय हे ठाऊक आहे की नाही, काहीच नाही. मुलगी हुशार आहे. पुढच्या चाचणीत तिने आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर लिहिलं, अकरा चुका केल्या आणि चार गुण मिळवले. वडील पुन्हा आले नाहीत. पटलं म्हणून की कंटाळून, ते मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मॅडमच्या चाचणीचं ठीक आहे, बोर्डाच्या परीक्षेचं काय? रास्त प्रश्न आहे. दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची परीक्षा मार्च २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली, तेव्हापासून भाषांच्या पेपरला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, म्हणजे ठरावीक प्रश्नोत्तरांऐवजी मुलांनी स्वतः करायच्या कृती. आपल्या मुलांचा, म्हणजे तृतीय भाषा इंग्रजीचा, लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात पुस्तकातल्या उताऱ्यांना २० आणि कवितांना १०. म्हणजे गाईड पाठ करून जिथे हात मारता येईल असे गुण फार तर ३०. तिथेही शेवटची कृती बहुतेक वेळा 'तुला काय वाटतं' अशी असते. उरलेल्या ५० गुणांत भाषाभ्यासाचे १०, न पाहिलेल्या उताऱ्याचे सारांशासह १५, लेखनाचे २० आणि भाषांतराचे ५. या ५० गुणांसाठी पाठ करायला काही नसतंच. पत्रासाठी जाहिरात किंवा मुद्दे समोर दिलेले असतात. पाठ करून आलेल्या मुलाचं तिथे काय होतं ते दरवर्षी दिसतं: जाहिरात असते योगशिबिराची आणि पत्र येतं वृक्षारोपणाचं. पोराने बिचाऱ्याने रात्र जागून झाडं लावलेली असतात.

तेव्हा मी नोट्स देत नाही ते आळसाने नाही, हे लक्षात घ्या. निबंध छापून वाटणं मला सगळ्यात सोपं आहे. झेरॉक्सवाला शाळेसमोरच आहे.

वाचनाबद्दलची माझी अपेक्षा ऐकून काही जणांना धक्का बसतो. मुलामुलींची पाठ्यपुस्तकं घरी एकदा उघडून बघा. इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात देवनागरी लिहिलेली दिसेल. 'वन्स अपॉन अ टाइम देअर वॉज' असं पानच्या पान. वाचायला उभं केलं की मुलं खालची इंग्रजी ओळ वाचतच नाहीत, वरची मराठी वाचतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय सफाईने वाचतो! आठवीत आलेली काही मुलं वरची ओळ खोडली तर दोन शब्दांपलीकडे जात नाहीत.

आता हिशेब करा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्यातले बहुतेक जण पाचवीत गेल्यावर एबीसीडी शिकले. तुमच्या मुलांना आठवीत पोचेपर्यंत सात वर्षं इंग्रजी झालेलं असतं. सात वर्षं इंग्रजी डोळ्यांसमोर आहे आणि तरी वाचता येत नाही, कारण त्या सात वर्षांत मुलांनी मुख्यतः फळ्यावरून उतरवलं. उतरवायला वाचावं लागत नाही. यात प्राथमिकच्या गुरुजींना मी दोष देत नाही. दोन वर्गांना एक शिक्षक, त्यात जनगणना, मतदार याद्या आणि सर्वेक्षणं. ते काय काय करणार?

पेन्सिलीतल्या देवनागरीवर माझी बंदी नाही. दिवाळीपर्यंत चालेल. दिवाळीनंतर एकेक पान खोडरबर घेऊन मुलांनीच मोकळं करायचं. ज्यांना अजिबात वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळा भरण्याआधी अर्धा तास मी थांबते आणि तिथे तिसरी-चौथीची पुस्तकं असतात. आठवीच्या मुलाच्या हातात तिसरीचं पुस्तक दिसलं म्हणून घरी कुणी त्याला टाकून बोलू नका, एवढी विनंती. तो अर्धा तास यायला त्याला जो धीर लागतो, तो पहिल्या नंबरात येणाऱ्याला कधी लागलेला नाही.

वह्यांबद्दल. होय, मी सगळ्या चुका लाल करत नाही. एका वेळी एक किंवा दोन प्रकारच्याच चुका बघते. या आठवड्यात भूतकाळ, पुढच्या आठवड्यात 'ही' आणि 'शी'ची गल्लत, मग 'अ', 'ॲन', 'द'. फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं असतं, त्यामुळे मुलांना ठाऊक असतं की मॅडम आज काय शोधणार. पान लालभडक करून परत दिलं तर मूल फक्त शेरा बघतं आणि वही मिटतं, आणि पुढच्या वेळी चार ओळींऐवजी दोनच लिहितं, कारण कमी लिहिलं की कमी चुकतं. हे मी बघितलेलं आहे. तेव्हा तुमच्या भाच्याने, जो इंजिनीअर आहे, वही बघून सांगितलं की मॅडमनी तीन चुका सोडल्या, तर त्याचं बरोबर आहे. मी सोडल्याच. त्यांची पाळी येईल.

उलट मुलांकडून माझं एक मागणं आहे: व्हाइटनर नको. चुकलेलं एका रेघेने कापा आणि वर बरोबर लिहा. कापलेलं मला दिसलं पाहिजे, पुढे काय शिकवायचं ते मला तिथूनच समजतं. वही सुंदर दिसावी ही हौस मला समजते, काही मुली शीर्षकाखाली फुलंही काढतात, काढोत. पण इंग्रजीची वही ही सरावाची जागा आहे. मार्चमध्ये ती मळलेली नसली तर मला काळजी वाटते.

आता तोंडी परीक्षा. यावरून सगळ्यात जास्त बोलणं झालं, म्हणून जरा सविस्तर.

८० गुणांच्या लेखीबरोबर २० गुण शाळेच्या हातात असतात. ऐकणं, बोलणं, स्वाध्याय यांचे हे गुण. कागदावर ही योजना फार चांगली आहे. भाषा शिकवायची तर बोलण्याला गुण हवेतच. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी यादी समोर घेऊन अठरा, एकोणीस, वीस अशी खिरापत वाटली जाते आणि मुलाने तोंडही उघडलेलं नसतं. २०१८-१९ मध्ये बोर्डाने भाषांचे हे गुण काढूनच टाकले. त्या वर्षीचा दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. एवढी ओरड झाली की पुढच्याच वर्षी गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. सगळी घसरण तोंडी गुणांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रम आणि पेपरचं स्वरूपही नवं होतं, आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. तरी त्या वर्षी फुगा किती हवेचा होता याचा अंदाज सगळ्यांना आला. आपण मात्र धडा हा घेतला की हवा परत भरा.

मी वीसपैकी वीस देते, पण सगळ्यांना नाही, आणि मागून कुणाला मिळत नाहीत. माझी तोंडी परीक्षा अशी असते. मूल माझ्यासमोर बसतं. मी एक छोटा उतारा वाचून दाखवते आणि त्यावर तीन-चार प्रश्न विचारते. मग एखादा साधा विषय देते: आज शाळेत कसा आलास, घरी गाय आहे का, काल कुणाचं लग्न होतं. दोन मिनिटं बोलायचं. विषय आधी फोडत नाही. मूल अडलं तर मी मदत करते, मराठी शब्द मध्ये आला तरी हरकत नसते. 'मंडप' हा शब्द इंग्रजीत कसा म्हणायचा म्हणून कुणी थांबू नये, मंडपच म्हणावा आणि पुढे जावं. उच्चार टीव्हीवरच्या निवेदिकेसारखे हवेत अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, एवढंच. जे मूल चुकत चुकत दोन मिनिटं काढतं त्याला माझ्याकडे सोळा-सतरा मिळतात. जे 'मायसेल्फ अमुक, आय लिव्ह इन तमुक' अशी पाठ केलेली दहा वाक्यं एका दमात म्हणतं आणि पहिल्याच प्रश्नाला गप्प होतं, त्याला दहा-बारा. काही जणांना हे अन्यायाचं वाटतं. मला उलट वाटतं.

पण इथे एक अडचण आहे आणि ती मुलांची नाही. वर्गात ६२ मुलं आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. मी एक अक्षर न बोलता प्रत्येकाला बोलायला दिलं तरी वाट्याला अर्धं मिनिट येतं. म्हणून मी जोड्या करते आणि सगळा वर्ग एकाच वेळी बोलतो. त्याचा गोंगाट व्हरांड्यात ऐकू जातो. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दाराशी येऊन उभे राहतात, मी हात जोडते, ते हसून जातात. तुमच्यापैकी कुणी शाळेत आलात आणि इंग्रजीच्या तासाला बाजार भरल्यासारखं वाटलं, तर समजा की तास नीट चालू आहे. तास शांत असेल तर बहुधा मी आजारी आहे आणि मुलं धडा उतरवत आहेत.

हसण्याबद्दल मात्र मी कडक आहे. माझ्या वर्गात दुसऱ्याच्या वाक्याला हसलं की पुढचं वाक्य हसणाऱ्याने करायचं. वरवर गमतीचा नियम आहे, पण त्यामागे एक गोष्ट आहे जी मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे कितीतरी घरांत अहिराणी बोलतात. पश्चिमेच्या पाड्यांवरून येणारी कोकणा आणि भिल्ल मुलं घरी आपापली बोली बोलतात. शाळेत प्रमाण मराठी, पाचवीपासून हिंदी. बोर्डाच्या कागदावर इंग्रजी तृतीय भाषा असली तरी या मुलांची ती चौथी. जो मुलगा डोळ्याला 'डोया' म्हणाला म्हणून खालच्या वर्गात साऱ्या वर्गासमोर हसण्याचा विषय झाला, तो मराठीतच तोंड मिटून बसायला शिकला. तो नववीत इंग्रजीत कसा बोलेल? माझ्या वर्गात कुठलीही बोली खाली नाही. वाक्य आधी अहिराणीत सुचलं तर तसं म्हणा, मग आपण ते इंग्रजीत नेऊ. व्याकरण मी मराठीतूनच समजावते. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढला तर दंड घेणाऱ्या शाळा आहेत म्हणे. असोत. माणसाला जी भाषा येते तिच्यावर पाय देऊनच तो दुसरीत चढतो.

घरीही हेच पाळा. पाहुणे आले की "बोल रे, इंग्रजीत बोलून दाखव काकांना" हे बंद करा. मूल दोन वाक्यं बोलतं, काका हसतात, मूल पुढचा महिनाभर वर्गात गप्प. मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सेमी-इंग्रजीच्या तुकडीतल्या पालकांना वाटतं की गणित-विज्ञान इंग्रजीतून आहे म्हणजे आपलं इंग्रजी झालं. विज्ञानाच्या व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणणारी मुलं माझ्याकडे आहेत. "प्रयोगात काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग" म्हटलं की तीच मुलं छताकडे बघतात. यांनाच उद्या अकरावी सायन्सला फिजिक्सचं जाडजूड पुस्तक सगळं इंग्रजीत येणार आहे, आणि तिथे कुणी ओळींवर पेन्सिलीने लिहून देणार नाही. कॉमर्स किंवा आर्ट्सला गेलं तरी बारावीपर्यंत इंग्रजी सुटत नाही, ते सगळ्यांना सक्तीचंच आहे.

मोबाइलबद्दल थोडक्यात. शब्दाचा अर्थ बघायला, उच्चार ऐकायला मोबाइल वापरला तर मला आनंदच आहे. घरी शब्दकोश असेलच असं नाही. पण हल्ली निबंधाचा विषय टाकला की फोन अख्खा निबंध लिहून देतो, आणि तो उतरवून आणण्याची साथ आली आहे. तो ओळखणं मुळीच अवघड नाही. ज्या मुलीने काल 'यस्टरडे आय गो' लिहिलं तिच्या आजच्या निबंधात मला स्वतःला शब्दकोश उघडावा लागेल असे शब्द असतात. मी रागावत नाही. तिला उभी करून त्यातली तीन वाक्यं मराठीत सांगायला लावते. सांगता आली तर वही तपासते. नाही आली तर त्याच विषयावर वर्गातच पाच ओळी. पाच ओळींना आता मुलं सरावली आहेत. घरून निबंध आणण्यापेक्षा ते सोपं पडतं असं त्यांचं मत झालं आहे, आणि ते बरोबर आहे.

मग मी देते काय, हेही ऐका. पत्राचा सांगाडा देते: पत्ता कुठे, तारीख कुठे, विषय कसा लिहायचा. वाक्यांचे साचे देते आणि त्यात शब्द मुलांनी आपले भरायचे. दर आठवड्याला नवे शब्द देते, त्यांतले निम्मे मुलांनीच मागितलेले असतात. 'ठिबक सिंचन', 'फवारणी', 'उधारी', 'साखरपुडा' यांना काय म्हणायचं हे मला मुलांनी विचारलंय आणि एक-दोनदा मीच घरी जाऊन शोधून आले. बोर्डाच्या जुन्या कृतिपत्रिका दुसऱ्या सत्रात सोडवून घेते, वेळ लावून. मार्च जवळ आला की मीही गुणांचाच विचार करते, त्याबद्दल निश्चिंत राहा.

आणि तुमच्याकडून? "आम्हाला कुठे इंग्रजी येतं मॅडम" हे मला प्रत्येक सभेत ऐकू येतं. इंग्रजी येण्याची गरज नाही. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं मुलाला तुमच्यासमोर पुस्तक मोठ्याने वाचू द्या. तुम्ही भांडी घासत असाल, गोठ्यात धार काढत असाल, चालेल. कान तिकडे असू द्या. अडखळतोय का, तेवढं कुणालाही कळतं. अडखळला की "परत वाच" म्हणा. संपलं की "काय होतं त्यात?" असं विचारा आणि त्याने मराठीत, अहिराणीत, जशी सांगता येईल तशी गोष्ट सांगितली पाहिजे. गोष्ट सांगता आली नाही तर दुसऱ्या दिवशी वहीत तसं लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर पानाच्या कोपऱ्यात एक फुली मारा. मला समजेल.

क्लास लावायचा की नाही हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. फक्त क्लासमध्ये छापून मिळालेला निबंध माझ्या वहीत चिकटवू नका.

पहिली तोंडी चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी होईल. ज्या पालकांना ती बघायची असेल त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावं. मध्ये बोलू नये, मुलाकडे डोळे वटारू नयेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बाराव्या खोलीत असते. वही घेऊन या, तक्रारही घेऊन या. आणि ज्यांनी तुकडी बदलून मिळावी म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिले आहेत त्यांच्या माहितीसाठी: 'अ' आणि 'ब' दोन्ही तुकड्यांना इंग्रजी मीच शिकवते.

आपली,
इंग्रजीच्या मॅडम